शब्दचर्चा : थंडी सरताना मराठीत काय काय होते?

मराठी माणूस बोलताना वर्षाचे तीनच काळ मानतो : हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा. हे तिन्ही शब्द 'काळ' या एकाच शब्दापासून घडले आहेत. हिमकाल या शब्दाचा हिवाळा झाला, उष्णकाल या शब्दाचा उन्हाळा झाला आणि पावसाचा काळ तो पावसाळा. चौथा काळ या रांगेत नाही, आणि 'वसंत' हा शब्द कानाला कितीही गोड वाटला तरी घरात, शेतात किंवा प्रवासात 'आता वसंत लागला' असे कोणी सहज म्हणत नाही. तो शब्द लेखात, निमंत्रणपत्रिकेत आणि कवितेत राहतो. म्हणून माघ-फाल्गुनातल्या त्या पंधरा-वीस दिवसांचा बदल मराठीत नेमका कोणत्या शब्दांनी सांगितला जातो, हा या चर्चेचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो : हा बदल मराठीने एका नामात न साठवता क्रियापदांत आणि घरगुती शब्दांत साठवला आहे, आणि ते शब्द बाजूला सारून 'वसंताची चाहूल' या एकाच ठरावीक शब्दप्रयोगावर भागवणे म्हणजे हाताशी असलेले धन न वापरणे होय.

'वसंत' या शब्दाची अडचण केवळ वापराची नाही, तर कालगणनेचीही आहे. चांद्र मासांच्या पारंपरिक वाटणीत माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने आहेत आणि चैत्र व वैशाख हे वसंताचे. म्हणजे माघ शुद्ध पंचमीला येणारी वसंत पंचमी प्रत्यक्षात शिशिरातच पडते. दुसरीकडे पंचांगात सौर वसंत ऋतूचा प्रारंभ 18-19 फेब्रुवारीच्या सुमारास दिलेला असतो, तर चांद्र वसंत गुढीपाडव्याला सुरू होतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीत जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आहे आणि मार्चपासून मेपर्यंतचा काळ थेट पूर्वमोसमी, म्हणजे उन्हाळी. तिथेही वसंताला स्वतंत्र जागा नाही. वैशाखात अंगाची लाही होत असताना 'वसंत' म्हणायला जीभ कचरते, यात मराठी बोलणाऱ्याचा काही दोष नाही.

या सांध्याला मात्र एक नेमका शब्द आहे, आणि तो आयुर्वेदाने दिला आहे : ऋतुसंधी. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होते, आणि या चौदा दिवसांत आधीच्या ऋतूचा आहारविहार हळूहळू सोडून नव्याचा स्वीकार करावा असे सांगितले आहे. लेखनाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुटा शब्द 'ऋतू' असा दीर्घान्त लिहितात, पण समासात पूर्वपद म्हणून तो आला की मूळचा ऱ्हस्व उकार परत येतो. म्हणून ऋतुसंधी, ऋतुचक्र, ऋतुमान. 'ऋतूसंधी' हे रूप अलीकडे बरेच दिसते, ते टाळावे.

आता थंडीकडे वळू. 'गार' या एकाच शब्दापासून मराठीने दोन नामे घडवली, गारवा आणि गारठा, आणि दोघांमधली सीमारेषा फार पक्की आहे. गारवा हवाहवासा असतो, गारठा सोसावा लागतो. झाडाखाली गारवा असतो, माठाच्या पाण्यात गारवा असतो. पहाटे पाचला उघड्यावर जे असते तो गारठा. 'गारठणे' असे क्रियापद झाले, पण 'गारवणे' असे प्रचारात आले नाही, कारण गारठा माणसावर काही तरी करतो आणि गारवा नुसता असतो. डिसेंबरातली जी हवा गारठा म्हणून नकोशी असते, तीच फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपारचे ऊन सोसून आलेल्या माणसाला संध्याकाळी गारवा म्हणून भेटते. थंडी ओसरत असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही, आणि ती दोन प्रत्ययांत मावली आहे. या दिवसांत दुपार आणि पहाट यांच्यातले अंतरही मोठे असते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. पुण्यासारख्या ठिकाणी फेब्रुवारीत दुपारचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर आणि पहाटेचे 12-13 अंशांवर असते. एकाच दिवसात पहाटे गारठा आणि संध्याकाळी गारवा, असे दोन्ही शब्द खरे ठरतात.

'थंडी वाजते' हा प्रयोग परभाषिकांना नेहमी चकित करतो. थंडी वाजते, पण गारवा वाजत नाही आणि गारठाही वाजत नाही. जुन्या बोलण्यात हीवही वाजत असे. हिम या शब्दापासून आलेला हा 'हीव' शब्द शहरी बोलण्यातून मागे पडला असला, तरी हिवाळा आणि हिवताप या शब्दांत तो टिकून आहे. थंडी जोरात असली की ती 'मी म्हणते', नंतर ती 'ओसरते', 'सरते' किंवा 'पळते'. ओसरणे हे मुळात पाण्याचे क्रियापद. पूर ओसरतो तशी थंडी ओसरते, म्हणजे मागे मागे हटत जाते. पळणे मात्र एका दिवसाचे काम आहे, आणि म्हणूनच 'होळी जळाली, थंडी पळाली' या म्हणीत तेच क्रियापद शोभते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असेही जुनी माणसे सांगतात. दोन्ही सणांमध्ये सुमारे पंधरवड्याचे अंतर आहे. त्यामुळे एका वाक्प्रचारात थंडीने निरोप घेतला आणि दुसऱ्यात ती खरोखर गेली, असे मानले तर दोन्ही बरोबर ठरतात.

उन्हाच्या बाबतीत मराठीची समृद्धी अधिकच दिसते. सकाळचे ऊन 'कोवळे' असते. कोमल या शब्दाचे हे तद्भव रूप पानालाही लागते, वयालाही आणि काकडीलाही. मात्र उन्हाला लागते तेव्हा त्यात अंगाला झेपेल इतके, अजून न तापलेले, असा अर्थ येतो. थंडीच्या दिवसांत माणसे 'ऊन खात' बसतात. अंथरुणे-पांघरुणे आणि साठवणीचे धान्य यांना मात्र 'ऊन दाखवतात'. ऊन दाखवणे हा प्रयोग मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात वस्तूला उन्हात नुसते टाकून ठेवणे अभिप्रेत नाही. दाखवायचे आणि वेळेवर उचलायचे, असा हिशेब त्यात आहे. रजया आणि जाड गोधड्या शेवटचे ऊन दाखवून, घड्या घालून वर ठेवल्या जातात, तो दिवस घराच्या दृष्टीने हिवाळ्याचा शेवटचा दिवस असतो, पंचांग काहीही म्हणो.

'ऊन लागणे' या प्रयोगाचे दोन अर्थ तर याच सांध्यावर एकमेकांना भेटतात. जानेवारीत 'इथे बस, पाठीला ऊन लागेल' असे म्हटले तर ते सुखाचे आमंत्रण असते, आणि एप्रिलमध्ये 'त्याला ऊन लागले' म्हटले तर तो आजार असतो. शब्द तोच, क्रियापद तेच. फरक इतकाच की पहिल्यात शरीराच्या अवयवाचा उल्लेख असतो आणि दुसऱ्यात माणसाचा. पाठीला, पायांना, हातांना ऊन लागते ते बरे. 'त्याला', 'तिला', 'मला' लागते ते वाईट. हा नियम शंभर टक्के निरपवाद नसेल, परंतु वापर तपासून पाहिला तर बहुतेक वेळा तो टिकतो.

आता अशा एका शब्दाकडे येतो, जो नव्या पिढीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे आणि जायला नको होता : विसण. कढत पाण्याची धग मोडण्यासाठी त्यात घालायचे थंड पाणी म्हणजे विसण. काही घरांत 'विसावण' असेही म्हणतात. बंब किंवा चुलीवरचे पातेले होते तोवर हा शब्द रोज सकाळी ऐकू येई, कारण उतरवलेले पाणी तसेच अंगावर घेता येत नसे; आधी घंगाळात कढत पाणी, मग 'विसण घाल' अशी हाक, मग हात बुडवून पाहणे, आणि पुन्हा थोडे विसण. मला या शब्दाचे महत्त्व वाटते ते असे की विसणाच्या प्रमाणात ऋतू मोजता येतो. ऐन थंडीत तांब्याभर विसणही जास्त होते आणि पाणी 'गारढोण झाले' अशी तक्रार येते. माघ सरता सरता दोन तांबे लागतात. आणि एक दिवस असा येतो की घंगाळात विसणच अधिक असते आणि कढत पाणी नावापुरते. त्या दिवशी कोणीही जाहीर करत नाही, पण थंडी गेलेली असते. आज नळाच्या दोन तोट्या फिरवून हेच काम होते. थंड पाण्याची तोटी आधी किंचित उघडावी लागते, मग अर्धी, मग पूर्ण. क्रिया तीच आहे, फक्त तिचे नाव आपण टाकून दिले आहे. 'थंड पाणी मिक्स कर' असे म्हणण्यापेक्षा 'विसण घाल' हे लहान आहे, नेमके आहे, आणि त्यात पाणी कशासाठी घालायचे हेही सांगितलेले आहे.

दिवसाच्या लांबीविषयीचा 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' हा वाक्प्रयोग खगोलाच्या दृष्टीने चूक आहे, असे काही जण सांगतात. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येतो, संक्रांतीला नव्हे, हे खरेच आहे. पण या म्हणण्याला अनुभवाचा आधार आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, म्हणजे नेमका संक्रांतीच्या आसपास. संध्याकाळ त्याआधीच लांबू लागलेली असते, पण सकाळ संक्रांतीपर्यंत मागेच सरकत राहते; पहाटे उठून कामाला लागणाऱ्या माणसाला दिवस मोठा होऊ लागल्याचे संक्रांतीनंतरच कळते. 'तिळातिळाने' हे क्रियाविशेषणही किती चपखल आहे, कारण सुरुवातीची ही वाढ रोज काही सेकंदांचीच असते.

या सर्व काळाचे मुख्य क्रियापद कोणते, असे विचारले तर मी 'फुटणे' असे उत्तर देईन. ऐन थंडीत ओठ फुटतात, टाचा फुटतात, गाल फुटतात. पहाटे तांबडे फुटते. मग डहाळीला पालवी फुटते, बुंध्याला धुमारे फुटतात, आंब्याला मोहोर फुटतो, कोकिळाला कंठ फुटतो, आणि सरतेशेवटी माणसाला घाम फुटतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा सारा प्रवास एकाच क्रियापदाने पुरा होतो, आणि यात भाषेची गरिबी नाही. संस्कृत 'स्फुट्' या धातूतच तडकणे आणि उमलणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. आतला जोर वाढला आणि बाहेरचे आवरण त्याला पुरेनासे झाले की जे होते ते फुटणे. आवरण कातडीचे असेल तर ती भेग, आवरण कळीचे असेल तर ते पान. म्हणूनच पालवी 'येते' म्हणण्यापेक्षा 'फुटते' म्हणण्यात जास्त खरेपणा आहे. एखाद्या पिंपळाची बारीक फांदी या दिवसांत जवळून पाहावी. टोकाशी निमुळती, मिटलेली कळी असते, तिच्यावरचे पातळ आवरण सुटून गळते आणि आतून घडी घातलेले, तांबूस, चकचकीत पान लोंबत बाहेर येते. ते इतके मऊ असते की देठावर ताठ उभे राहू शकत नाही. हा तांबूसपणा कोवळ्या पानातल्या लाल रंगद्रव्याचा असतो. हरितद्रव्य मागाहून भरत जाते आणि पान आधी पोपटी, मग हिरवे होते. 'फुटणे'ला जवळचे आणखी एक क्रियापद म्हणजे 'उलणे' : ओठ उलतात, जमीन उलते, कापसाचे बोंडही उलते.

पानगळीविषयी एक सूचना विशेषतः अनुवादकांसाठी आहे. युरोपीय साहित्यातील पानगळीचा ऋतू मराठीत आणताना 'शरद' हा शब्द सर्रास वापरला जातो, पण आपला शरद हा आश्विन-कार्तिकातला, पावसानंतरच्या स्वच्छ आकाशाचा आणि चांदण्याचा ऋतू आहे. आपल्याकडची पानगळ शिशिरातली आहे, आणि तिचे मुख्य कारण कडक थंडी नसून कोरडेपणा आहे. पाणी कमी पडू लागले की पानांवाटे होणारा बाष्पाचा व्यय टाळण्यासाठी झाड पाने टाकते. म्हणूनच आपल्याकडे पानगळ आणि बहर यांच्यामध्ये मोठे अंतर नसते. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे तर पाने टाकून, निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. 'पानगळ' आणि 'पानझड' हे दोन्ही शब्द चालतात. झाडाच्या किंवा जंगलाच्या प्रकारासाठी 'पानझडी' हे विशेषण रूढ आहे. घटनेसाठी 'पानगळ' अधिक बरे वाटते.

नव्या वाढीच्या शब्दांची सरमिसळ फार होते, म्हणून थोडक्यात नोंदवतो. बी किंवा कंद यातून निघतो तो अंकुर किंवा कोंब, आणि त्यातला कोंब जाडसर. जुन्या फांदीला येते ती पालवी. पल्लव या शब्दापासून ती आली. ऊस, गहू यांच्या बुडाशी जे नवे दांडे येतात ते फुटवे. फळबागांत, विशेषतः संत्र्याच्या पट्ट्यात, कोवळ्या वाढीला 'नवती' म्हणतात, आणि हाच शब्द तारुण्यासाठीही आहे. 'बियाला पालवी फुटली' किंवा 'फांदीला अंकुर आला' असे लिहिणे टाळावे.

'मोहोर' आणि 'मोहर' हे दोन शब्द वेगळे ठेवावेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मोहर ही स्त्रीलिंगी, फारसीतून आलेली. तिचा अर्थ शिक्का किंवा सोन्याचे नाणे. मोहोर हा पुल्लिंगी, झाडाचा. उच्चारात ते जवळ येतात आणि क्रियापद 'मोहरणे' असेच होते, त्यामुळे गोंधळ वाढतो. परंतु नाम लिहिताना आंब्याला 'मोहोर' आला असे लिहिले तर वाचणाऱ्याला क्षणभरही थांबावे लागत नाही. प्रत्येक फुलण्याला मोहोर म्हणता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. बारीक बारीक फुलांचा गच्च घोस झाडभर यावा लागतो. म्हणून आंब्याला, काजूला, कडुलिंबाला मोहोर येतो, पण मोगऱ्याला येत नाही. तूर फुलोऱ्यात येते, उसाला तुरा येतो, ज्वारी निसवते, म्हणजे तिचे कणीस बाहेर पडते. आंब्याच्या मोहोराच्या एका घोसात शेकडो, कधी हजारो फुले असतात, त्यांतली बरीचशी नर असतात आणि शेवटपर्यंत टिकणारी फळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 'मोहोर गळणे' हा प्रयोग निराशेच्या अर्थाने आपण वापरतो खरा, पण बागायतदाराच्या दृष्टीने थोडा मोहोर गळणे हे झाडाचे रोजचे वागणे आहे. त्याला काळजी असते ती तुडतुडे या किडीची आणि भुरी या बुरशीच्या रोगाची.

शेवटी 'बहार'. फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू. म्हणजे जो ऋतू आपल्या रोजच्या बोलण्यात नाही असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचे नाव दुसऱ्या वाटेने येऊन मराठीत रुजले, मात्र ऋतूचा अर्थ मागे ठेवून. गंमत, रंगत या अर्थाने तो स्त्रीलिंगी आहे : 'गाण्याला काय बहार आली!' फळबागेत तो पुल्लिंगी आहे : मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार. लिंबूवर्गीय फळे, डाळिंब, पेरू यांची झाडे वर्षात एकाहून अधिक वेळा फुलू शकतात, म्हणून त्यांतला कोणता बहार 'धरायचा' हे शेतकरी ठरवतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, विदर्भात आंबिया बहार. आंब्याच्या मोहोराच्या वेळी येतो म्हणून हे नाव. तो धरण्यासाठी आधी बागेचे पाणी तोडतात, याला 'ताण देणे' म्हणतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळू लागतात, झाडात अन्नसाठा होतो, आणि मग पाणी दिले की बहार फुटतो. 'बहर' हे रूप मात्र सर्वसाधारण फुलण्यासाठी ठेवावे. गुलमोहराला बहर येतो. त्याला कोणी 'बहार धरत' नाही. शहरी लेखक बागेच्या संदर्भातही 'बहार आली' असे लिहितात, ते शेतकऱ्याच्या कानाला खटकते आणि खटकले पाहिजे.

चाहूल या शब्दाविषयी दोन वाक्ये. चाहूल म्हणजे येणाऱ्याचा सुगावा देणारी हलकी हालचाल किंवा पायरव, म्हणून ती ऐकू यावी लागते; फुललेल्या पळसाकडे बोट दाखवून 'वसंताची चाहूल' म्हणणे अर्थाला धरून नाही, कारण तिथे पाहुणा घरात येऊन बसलेला असतो. कोकीळ पहिल्यांदा ओरडतो तेव्हा मात्र चाहूल म्हणणे अगदी योग्य आहे, आणि तेव्हाही 'कोकीळ गातो' असेच लिहावे, 'कोकिळा गाते' असे नव्हे. 'कुहू' अशी चढत जाणारी साद नराची, म्हणजे काळ्याभोर कोकिळाची असते. पांढऱ्या ठिपक्यांची, तपकिरी कोकिळा नुसती 'किक् किक्' करते.